खिडकीच्या गजावरची राणी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. घराच्या खिडकीचे लाकडी गज पावसापाण्यानं राखाडी पडलेत आणि त्यातल्या एकावर कुरकुर, कुरकुर असा आवाज येतोय. जरा वाकून बघा. काळीभोर माशी, जवळजवळ तीन सेंटिमीटर लांब, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. ही गांधीलमाशीची राणी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये हिच्या जातीची नोंद केली. आजचं शास्त्रीय नाव व्हेस्पा ट्रॉपिका. जबड्यानं लाकूड खरवडत ती मागे मागे सरकते आणि गजावर फिकट रेघ उमटत जाते.

तो भुसा लाळेत मळला की झाला लगदा. पातळ पसरून वाळला की कागद. त्याचे सहाकोनी कप्पे, तोंडं खाली, प्रत्येकात एक अंडं चिकटवलेलं. बांधणारी तीच, शिकार आणणारी तीच, अळ्यांना भरवणारी तीच, राखण करणारीही तीच. नावाची राणी, हाताखाली कुणी नाही! या दिवसांत एखाद्या पक्ष्यानं तिला टिपलं तर सगळं तिथंच संपतं. भरलेलं घरटं बघून आपण दचकतो, पण त्यामागचे हे एकटीचे दिवस कुणी पाहिलेले नसतात. मला तर सगळ्यात मोलाचे तेच वाटतात.

पहिल्या मुली कामाला लागल्या की राणी हळूहळू घरट्याबाहेर पडेनाशी होते. मिलनाच्या वेळी मिळालेलं बीज तिनं पोटातल्या इवल्याशा पिशवीत साठवलेलं असतं. अंड्याला ते मिळालं तर मादी, नाही मिळालं तर नर. नांगी हा मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला भाग, म्हणून नराला ती नसतेच.

मुली शिकारीला जातात ते बहुधा सोप्याच्या वाशाला लटकणाऱ्या छोट्या गांधीलमाश्यांच्या उघड्या घरट्यांवर. त्या बिचाऱ्या बाजूला होतात आणि डोळ्यांदेखत त्यांच्या अळ्या उचलल्या जातात. पण गंमत अशी, की शिकार करणारीला मांस गिळता येत नाही. तिची कंबर इतकी बारीक, की त्यातून फक्त पातळ अन्न उतरतं. ती मांस चावून अळीला देते आणि अळी तिच्या तोंडात पौष्टिक लाळेचा थेंब सोडते. आई लेकराला भरवते, तसंच इथं लेकरूही मोठ्यांना भरवतं.

चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या रानफळा-फुलांच्या मांडवीचं, सामान आणायला माणसं रानात शिरतात, तेव्हा झाडाच्या ढोलीत हात घालण्याआधी क्षणभर थांबावं. एकीनं डंख मारला की विषाच्या वासानं बाकीच्यांना वर्दी जाते, आणि खूप डंख बसले तर जिवावर बेततं. म्हणून रात्री चूड पेटवून घरटं जाळतात. वस्तीपासून लांब असेल तर तसं करू नये, एवढीच माझी विनवणी. ते घरटं कायमचं नसतंच.

शेवटी नव्या राण्या आणि नर जन्मतात, उडून जातात. नर मिलनानंतर फार जगत नाहीत. म्हातारी राणी मरते, कामकरी माश्या विरळ होत जातात. नव्या राण्या वेगवेगळ्या वाटांनी, पोटात बीज घेऊन एकेकट्या जागा शोधतात. जुन्या घरट्यात कुणी परत येत नाही.

फणसाच्या ढोलीतून काढलेला हा रिकाम्या घरट्याचा तुकडा तळहातावर घ्या. वजन जाणवतही नाही. त्यावर पट्टेच पट्टे: तपकिरी, पिवळसर, तांबूस. प्रत्येक पट्टा म्हणजे तोंडातून आणलेली लगद्याची एक खेप, कधी या झाडाची, कधी त्या. मधेच एक राखाडी पट्टा आहे, अगदी त्या खिडकीच्या गजाच्या रंगाचा.