दहिवडीच्या माळाला कुणाचं बी?

महाबळेश्वर आणि दहिवडी. दोन्ही सातारा जिल्ह्यातली. सरळ रेषेत मध्ये १०० किलोमीटरही नाहीत. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यातल्या दहिवडीला ५०० च्या आसपास. पाचगणीतच पाऊस निम्म्याहून खाली येतो. पुढे पूर्वेला ढग पोचतात ते जवळपास रिकामेच.

एकीकडे अंजनी, पिसा, जांभूळ असं बारमाही हिरवं रान. दुसरीकडे विरळ बोरी, हिवर, बाभळी आणि मधे गवतच गवत. हे गवत म्हणजे उजाड झालेलं जंगल, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. म्हणून माळांवर खड्डे घेतले आणि गिरिपुष्प लावलं. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ते इथे जगतं, फोफावतं, आणि त्याच्या सावलीत गवत मरतं. गवत गेलं की चिंकारा हरीण आणि धाविक, माळटिटवी हे पक्षी यांची जागाच जाते. दुरून हिरव्या दिसणाऱ्या त्या टेकडीवर खरं तर एक अधिवास संपलेला असतो.

म्हणून लागवडीआधी हवामान जुळवून बघायला हवं. आपल्या माळासारखी हवा आणखी कुठे आहे? आणि तिथे मूळचं काय टिकून आहे? नुसती पावसाची बेरीज इथे फसवते. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलैच्या परिसरात कोरडे महिने दोन-तीन, आपल्याकडे सात-आठ. महाबळेश्वरला पाऊस कितीही कोसळला, तरी तो बहुतेक चार महिन्यांत संपतो. दक्षिणेकडची कितीतरी सदाहरित झाडं इथवर येतच नाहीत, ती या लांब उन्हाळ्यामुळे. तेव्हा कोरडे महिने मोजा, पारा बघा, आणि मुरमावर माती किती आहे तेही.

माणसारखाच तुटपुंजा पाऊस बारामती तालुक्यात सुप्याला पडतो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथे आजही दिसतो. अशा माळावर गुडघे टेकून बसावं. हे कुसळी गवत. त्याच्या बियांचं हे लांब कूस ओलं झालं की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि तसं फिरत फिरत टोकदार बी मातीत घुसवतं. खड्डा लागत नाही, टँकर लागत नाही. उथळ मुरमाच्या उतारावर पवन्या गवत, सखल भागातल्या काळ्या मातीत मारवेल. कुठे काय पेरायचं, याचा नकाशा या माळावरच आहे.

आता हवाच बदलते आहे, तेव्हा उद्याची हवा आज कुठे आहे हेही शोधावं लागतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००९ पासून युकॉन ते उत्तर कॅलिफोर्निया अशा ४८ ठिकाणी वेगवेगळ्या गावच्या बियांची झाडं लावून कुठलं बी कुठल्या हवेत टिकतं हेच तपासलं जातंय. आपल्यासाठी याचा अर्थ साधा: त्याच जातीचं थोडं बी अधिक कोरड्या, अधिक तापणाऱ्या माळावरूनही आणावं.

ते गोळा करायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गवत पिकल्यावर पण कापणीआधी. आणि गावाला विचारूनच, कारण तोच त्यांच्या गुरांचा वर्षाचा चारा असतो.