मेथीची जुडी

कोथरूड. दुपारचे तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात काकू मेथी निवडायला बसल्यात. वय एकाहत्तर. टीव्ही चालू आहे, घरात आवाज असावा म्हणून. एकटीला एक जुडी तीन दिवस पुरते, तरी त्या मेथीच आणतात. कोबी पाच मिनिटांत चिरून होतो, मेथीला तास लागतो. काकूंना तो तासच घालवायचा असतो.

काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, मुलगी ठाण्याला. रात्री नऊला फोन येतात. जेवलीस का? बीपीची गोळी घेतलीस? आतून कडी लावलीस ना? काकू हो म्हणतात, फोन संपतो. "सगळ्यांना माझी काळजी आहे हो," त्या सांगतात. "पण माझ्याशी वाद घालणारं घरात कुणी उरलं नाही."

इथून चालत दहा मिनिटांवर कर्वे पुतळा. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यांना वाळीत टाकलं. ती लढाई तरुण विधवांसाठी होती. सत्तरीतल्या बाईलाही सोबत हवीशी वाटते, हे मात्र आजही घरात बोलून दाखवणं सोपं नाही. बोललं की उत्तर ठरलेलं, "आई, तुला कमी काय आहे?"

पुण्यातच माधव दामले यांनी २०१२ मध्ये एकट्या ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं. लिव्ह-इन कशाला, सरळ लग्न का नाही, असं लोक विचारतात. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मुलंबाळं असलेल्या विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर तिथल्या नियमानं तिचं कुटुंब निवृत्तिवेतन बंद होतं. काकूंचं औषधपाणी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्या पेन्शनवर. हक्काचा पैसा सोडून या वयात कुणाच्या हाताकडे बघत राहायचं? आम्हाला विचाराल तर, अजिबात नाही.

काकूंची ओळख मात्र मंडळात नाही, बागेतल्या बाकावर झाली. निवृत्त शिक्षक, तेही एकटेच. काकू त्यांना 'सर' म्हणतात. ते रोज चारला येतात, आठच्या आत घरी जातात. मुलगी हे ऐकून आठवडाभर बोलली नाही. मग एका रविवारी आली, सरांना भेटली, चहा झाला. निघताना सरांना एवढंच म्हणाली, "आईला गोड चालत नाही. जिलबी आणत जाऊ नका."

चार वाजले. बेल वाजते. सर आत येतात, चष्मा पुसतात, उरलेली अर्धी जुडी पुढ्यात ओढतात.

"अहो, केवढे देठ ठेवताय!"

"कोवळे आहेत. शिजतात."

"माझ्या भाजीत नाही चालत."

सरांनी निवडलेली पानं काकू पुन्हा खुडायला घेतात. टीव्ही कुणीतरी बंद केलाय.