गोळी देण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या या मराठी शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर चौथीचा वर्ग भरला आहे. खिडकीजवळचा मुलगा गणित अर्धवट टाकून उठतो, शेजाऱ्याची पट्टी ओढतो, जागेवर बसतो आणि लगेच पुन्हा उठतो. बाई त्याला रागवत नाहीत. वहीत त्या वेळ टिपतात आणि तास कोणत्या विषयाचा होता तेही टिपतात.

अवधानातील उणीव व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार लहान मुलांत किमान सहा लक्षणे, कमीत कमी सहा महिने टिकलेली, दिसावी लागतात. त्यांतली बरीचशी घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी आढळावी लागतात. म्हणजेच शिक्षकांनी पाहिलेले डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाही, तर निदानाचा अर्धा आधारच नाहीसा होतो. सीमाभागात तो सहज नाहीसा होतो, कारण मूल घरी मराठी बोलते, शाळेत त्याला कन्नडही शिकावे लागते आणि बेळगाव-धारवाडच्या तज्ज्ञांकडची, शिक्षकांनी भरायची प्रश्नावली अनेकदा इंग्रजीत असते. केवळ कन्नडच्या तासाला, काही कळत नाही म्हणून चुळबुळणारे मूल वेगळे आणि प्रत्येक तासाला चुळबुळणारे मूल वेगळे. हा फरक बाईंच्या नोंदीतच दिसतो.

आता बेळगावातले हे औषधांचे दुकान पाहा. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी तयार केले. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. हा बंदोबस्त पाहून पालकांना ही नशेची गोळी वाटते. वास्तविक तो गैरवापर रोखण्यासाठी आहे.

अमेरिका आणि कॅनडात ५७९ मुलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांत, नीट मात्रा ठरवून दिलेले औषध मुख्य लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनंतर मात्र गटांमधला तो फरक उरला नव्हता. औषधाचे समर्थक पहिला भाग सांगतात, विरोधक दुसरा. आमच्या मते दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत, कारण ज्या मुलाला औषधाची खरी गरज आहे, त्याला भीतीपोटी त्यापासून दूर ठेवणे हाही अन्यायच आहे. भूक मंदावणे, झोप कमी होणे आणि उंची किंचित कमी वाढणे हे परिणाम संभवतात, म्हणून वजन-उंची नियमित मोजावी लागते.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी आधी पालकांच्या प्रशिक्षणाची शिफारस करते. सहा वर्षांनंतर औषध आणि वर्तनोपचार यांची जोड सुचवते. सीमाभागातल्या मुलांना याचा लाभ व्हायचा असेल, तर प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये छापून प्रत्येक शाळेत पोहोचली पाहिजे आणि शिक्षकांनी ती भरून दिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहू नये, एवढी आमची मागणी आहे.