उधारीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला डॉक्टर लागतो, औषध लागते आणि त्याच वाटेने आधी चालून गेलेला एखादा सोबतीही लागतो. असा सोबती म्हणून मी सोलापुरात काम करतो. मी स्वतः पिणारा होतो आणि या कामातली माझी पहिली पात्रता तीच आहे. प्रशिक्षण मागाहून मिळाले.

ही कल्पना जुनी आहे. 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन या शहरात बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी गेला असता तेथे अपयश पदरी आल्यामुळे त्याला पुन्हा पिण्याची ऊर्मी आली. ती आवरण्यासाठी त्याने दुसऱ्या एका मद्यपीचा, डॉक्टर बॉब यांचा, शोध घेतला. समोरच्याला सुधारण्यापेक्षा स्वतः टिकून राहणे ही त्याची त्या वेळची गरज होती. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनमुक्त झालेल्या माणसांना कामात सामावून घेतले.

सोबत्याने उपदेश करायचा नसतो. त्याला दारूचे दुष्परिणाम सांगण्याचीही गरज नसते, कारण पिणाऱ्याला ते आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. मात्र एक गोष्ट आम्ही प्रत्येक घरी सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. म्हणून त्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. पुन्हा सांगतो, खोलीत कोंडू नका, डॉक्टरांकडे न्या. पंढरपूर आपल्या जवळ असल्यामुळे माळ घालून दारू सोडणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे; पण माळ घातलेल्यानेही आधी डॉक्टरांना भेटावे.

आता ज्या घराविषयी मला सांगायचे आहे, ते घर शहराच्या पूर्व भागातले. नावे अर्थातच सांगणार नाही. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणणारा, बायको घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. दवाखान्यातले उपचार संपवून तो घरी आला होता आणि इतर दिवशी त्याला कसलाही त्रास नव्हता; पगाराच्या दिवशी मात्र तो हमखास पिऊन यायचा. आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्याला कारखान्यापासून घरापर्यंतचा रस्ता कागदावर काढायला सांगितले. त्याने कारखाना काढला, चहाची टपरी काढली, गुत्ता काढला, घर काढले. मी गुत्ता टाळून जाणारी मागची गल्ली दाखवली, तर तो गप्प बसला. तेव्हा त्याची बायको सुपातली नजर न उचलता म्हणाली, "अण्णा, रस्ता बदलून काय होणार? दुकानात वही आहे."

मग सगळा प्रकार उलगडला. गुत्त्यावर त्याची उधारी होती. पगार झाला की ती चुकवण्यासाठी त्याला आत जावेच लागे. मालक अर्धेच पैसे घेई, "बाकीचे राहू द्या, घाई काय आहे," असे म्हणे आणि ग्लास पुढे सरकवी. देणे कधीच पूर्ण फिटत नसे आणि ते फिटू नये याची काळजी मालक घेत असे.

तिने बचत गटातून कर्ज काढले आणि एके दिवशी सकाळी, गुत्त्यावर गर्दी नसताना, ती स्वतः तेथे गेली. मी समोरच्या टपरीवर थांबलो होतो, कारण आमच्यापैकी कोणीही गुत्त्याची पायरी चढायची नाही, अगदी चांगल्या कामासाठीही नाही, असा आमचा नियम आहे. मालकाने वही उघडली. तिच्यात तिच्या नवऱ्याचे नावच नव्हते. "टॉवेल, माग दोन नंबर" एवढेच लिहिलेले होते. मालक नेहमीप्रमाणे "थोडे राहू द्या" म्हणाला. विड्यांच्या जुड्या मोजून हात तयार झालेल्या त्या बाईने नोटा दोनदा मोजून त्याच्यापुढे ठेवल्या, हिशेबावर काट मारून घेतली आणि ते पान फाडून दिल्याशिवाय ती जागची हलली नाही. ते पान शोधेपर्यंत गल्लीतल्या आणखी कितीजणांच्या नोंदी तिच्या नजरेखालून गेल्या होत्या. त्या कोणाच्या, हे तिने ना मला सांगितले, ना शेजारणींना. कोणाचे गुपित कोठे ठेवावे याचे आमच्या प्रशिक्षणात स्वतंत्र सत्र असते. या बाईला त्याची गरज पडली नसती.

त्यानंतरच्या पगारांच्या दिवशी तो मागच्या गल्लीने घरी येऊ लागला आणि घरी पोहोचल्यावर मला फोन करू लागला. त्या फोनवर दारूचा विषय क्वचितच निघे. आज किती वेळा धागा तुटला, मागावरचा सुताचा बीम केव्हा संपणार, हेच तो सांगत असे आणि मी ऐकत असे. पुढे काही महिन्यांनी एका लग्नाच्या वरातीत तो पुन्हा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून फोन केला. अशा वेळी दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून करावी, असे आमच्यातले अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. मधले महिने तो जगला, त्याने मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे दिले, ते शून्यात कसे जमा करायचे? तसेच, नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्याची आपल्याकडची हौसही मला घातक वाटते. उद्या त्याचा तोल गेलाच, तर ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तोंड दाखवायला तो येणार नाही आणि लपून पिऊ लागेल.

घरच्यांना दोनच गोष्टी सांगतो. तो प्यायलेला असताना वाद घालू नका. सकाळी, तो शुद्धीवर असताना बोला. दुसरी गोष्ट, त्याची उधारी कोठे आहे ते त्याला विचारा. विचारताना आवाज चढवू नका, नाहीतर आकडा खोटा मिळेल. बोलायला कोणी नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे 14446. पुन्हा सांगतो, एक चार चार चार सहा. घरातल्या कोणीही फोन केला तरी चालतो; पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही.

नमस्कार.