गच्चीवर बटाटा लावताय? आधी सांगा, खाणार कसा?

[टेबलावर दोन बटाटे, काचेचं भांडं, पाणी, मिठाची बरणी]

नमस्कार मंडळी! दसरा जवळ आला की इंदूरची निम्मी मराठी घरं मला एकच विचारतात, "यंदा गच्चीवर बटाटा लावायचाय, कोणता लावू?" मी विचारते, "खाणार कसा?" तिथे गाडी अडते. वांगी घेताना आपण भरताचं वेगळं आणि भरल्या वांग्याचं वेगळं बघतो. बटाट्याच्या वेळी मात्र जे मिळेल ते पिशवीत.

चोइथराम मंडीत जाऊन बघा. तिथला व्यापारी नुसतं "आलू" म्हणत नाही. ज्योती वेगळा, चिप्सचा वेगळा, बारीक गुल्ला वेगळा, आणि भावही वेगळे. सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत इंदूर जिल्ह्यापुढे बटाटाच लिहिलेला आहे. अशा गावात राहून आपल्याला जात माहीत नसावी, हे काही बरं नाही, भिया!

आता हे बघा. एक लिटर पाणी, त्यात साधारण ११० ग्रॅम मीठ, पूर्ण विरघळवलेलं. हा पहिला बटाटा सोडते... तरंगला. हा दुसरा... गेला तळाला. आकार जवळजवळ सारखा, मग फरक कशाचा? आत पाणी किती आणि पिठूळपणा किती, याचा. बुडतो त्यात स्टार्च जास्त असतो. तो उकडला की भुरभुरीत होतो आणि तळला की कुरकुरीत. तरंगतो तो पाणीदार. तो रश्श्यात फोडी धरून ठेवतो, पण वेफर्स केले तर मऊ पडतात आणि तेलही जास्त पितात. घरात आत्ता जो बटाटा असेल त्यावर हा प्रयोग आजच करा, आणि तुम्हाला बुडणारा हवा की तरंगणारा ते ठरवा. जात निवडण्याचं अर्धं काम तिथेच होतं.

बियाण्याच्या जवळजवळ प्रत्येक नावाआधी 'कुफ्री' लागलेलं दिसेल. कुफ्री हे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. आपल्याकडे बटाटा हिवाळ्यात वाढतो, तेव्हा दिवस लहान असतात आणि झाडाला फुलं नीट येत नाहीत. फूल नाही तर संकर कसा करणार? डोंगरावर उन्हाळ्याच्या लांब दिवसांत बटाटा फुलतो, म्हणून संकराचं काम तिथे, कुफ्रीला. याच संस्थेचं एक केंद्र आपल्या ग्वाल्हेरलाही आहे.

तर जाती. पुखराज सगळ्यात सहज मिळतो. १९९८ ची जात, पिवळसर साल, आतूनही पिवळा, लवकर तयार होतो आणि भरपूर लागतो. पिशवी उलटी केली की मुलं टाळ्या वाजवतील एवढा. पण तो पाणीदार आहे. रस्सा ठीक, पोह्यातही चालेल. उपासाचा कीस मात्र परतता परतता लगदा होतो, आणि ज्या घरात एकादशी, चतुर्थी नीट पाळतात तिथे मी तो सुचवत नाही.

ज्योती १९६८ ची. पांढरट साल, उथळ डोळे, त्यामुळे सोलायला सोपी. भाजी, वडा, पराठा, सगळीकडे सांभाळून घेते. चंद्रमुखी त्याच वर्षीची, ८० ते ९० दिवसांत तयार, आणि चवीला मला ज्योतीपेक्षा ती आवडते. तिसरी जात, तिचं नावच 'कुफ्री लवकर', १९७२ ची. आपल्यासारख्या पठारी भागासाठी ती चांगली मानली जाते, आणि अडीच-पावणेतीन महिन्यांत बटाटे मिळतात. पहिल्यांदाच लावत असाल तर या तिघींपैकी जिचं खात्रीचं बियाणं हाती लागेल ती घ्या. फार चिकित्सा नको.

आणि आता वेफर्स. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माळव्याचा बटाटा यासाठीच नावाजलेला आहे.

वेफर्स तळताना काळे-तांबडे का पडतात? आपण दोष देतो तेलाला, नाही तर गॅसला. खरं कारण बटाट्यातली साखर. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असले की तळताना त्यांची अमिनो आम्लांशी क्रिया होते, रंग गडद होतो आणि चव कडवट. ही साखर थंडीने वाढते. शेतात कडाक्याची थंडी पडली तरी वाढते, आणि शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला तर फारच वाढते, कारण थंडीत बटाटा आपल्याच स्टार्चची साखर करत राहतो. पंजाब, उत्तर प्रदेशाच्या मानाने माळव्यातल्या हिवाळी रात्री सौम्य, म्हणून इथल्या बटाट्यात साखर कमी उतरते. बाहेरच्या वेफर्स कारखान्यांना इथला माल हवा असतो तो यामुळे. त्यांच्यासाठी शेतकरी लेडी रोझेटा लावतात, मंडीत तिलाच 'एलआर' म्हणतात. आपल्यासाठी चिप्सोना बरी. कुफ्री चिप्सोना-१ ही १९९८ ची, खास तळण्यासाठी काढलेली, मिठाच्या पाण्यात तळाशी बसणारी. तिला शंभर-एकशेदहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा. आणि काढल्यावर कृपा करून फ्रीजमध्ये ठेवू नका. चिप्सोना लावून फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे कमावलेलं घालवणं.

सिंदुरी, ती लाल सालीची, खूप जण विचारतात. टिकाऊ आहे, पण तयार व्हायला चार महिन्यांच्या आसपास लागतात. गच्चीवर तोवर फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं, म्हणून माझं मत नको. नीलकंठ जांभळ्या सालीचा आहे, हौस म्हणून एक पिशवी लावा. सूर्या, २००६ ची, इतरांपेक्षा उष्णता जास्त सहन करते. गच्ची फार तापते, किंवा नवरात्रातच लावायची घाई आहे, अशांनी ती शोधावी.

घाईचं निघालंच म्हणून सांगते. जमिनीत बटाटा धरायला रात्री थंड लागतात, २० अंशांच्या खाली. बाकीच्या जाती सप्टेंबरात लावल्यात तर पाला जोरात येईल आणि खाली काही नसेल. इंदुरात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावा.

बियाणं. स्वयंपाकघरातला कोंब आलेला बटाटा चालतो का? उगवतो, हो. पण त्याची जात कोणती ते तुम्हाला माहीत नाही, आणि आत विषाणू असू शकतात. मावा पाला शोषताना ते एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि तेच बियाणं वर्षानुवर्षं लावलं की पानं वळतात, बटाटे बारीक होत जातात. म्हणून प्रमाणित बियाणं घ्या आणि दोन-तीन वर्षांनी बदला. ३० ते ५० ग्रॅमचा अख्खा बटाटा सगळ्यात चांगला. ऑक्टोबरात माती अजून गरम असते, कापलेल्या फोडी त्यात सडतात. शीतगृहातून आलेलं बियाणं लगेच पुरू नका. दहा-पंधरा दिवस सावलीत, पण उजेडात पसरून ठेवा. कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे आले पाहिजेत. अंधारातले लांब पांढरे कोंब हात लागला तरी मोडतात.

माती आपली काळी, चिकट. ती एकटी नकोच. निम्मं कंपोस्ट आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट घाला. कंपोस्टसाठी तर इंदूरचं नाव जगभर आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत 'इंदूर पद्धत' बसवली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. एक सूचना, चुलीची राख किंवा चुना घालू नका. माती अल्कधर्मी झाली की सालीवर खवल्यांचा रोग येतो.

पंधरा इंची पिशवीत दोन बियाणे पुरे. उंच पिंपात थरावर थर माती चढवून वरपर्यंत बटाटे लागतील अशी आशा ठेवू नका. लवकर येणाऱ्या जाती बहुतेक बटाटे एकदाच, बियाण्याच्या आसपास धरतात. पंचवीस-तीस दिवसांनी मातीची भर द्यायची ती उघड्या पडलेल्या बटाट्याला ऊन लागू नये म्हणून. ऊन लागलं की तो हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, आणि उकडूनही ते जात नाही. हिरवा भाग जाड कापून टाका. सगळाच हिरवा असेल तर अख्खा टाका.

पाला पिवळा पडायला लागला की पाणी बंद, पाला जमिनीलगत कापा आणि दहा दिवस काहीच करू नका. साल घट्ट होते. अंगठ्याने घासून बघा, साल सुटली तर अजून थांबा.

आता मला लिहा, तुमच्या गच्चीवर ऊन किती तास येतं आणि घरात बटाटा जास्त कशात जातो. एवढं कळलं की जात सांगते.