उभा माऊस: आधी माप, मग सवय

श्रोतेहो, नमस्कार.

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा, माऊस धरतो तसा. आता डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध टेकवा आणि उजवा तळवा सावकाश वळवून अंगठा छताकडे येऊ द्या. बोटांखाली काहीतरी सरकल्यासारखं लागेल. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या. अंगठा वर असतो तेव्हा ती जवळपास समांतर राहतात. हात पालथा घातला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्याला तिरकं ओलांडतं, आणि हात तसा धरून ठेवायला स्नायूंना राबावं लागतं. नेहमीच्या माऊसवर हात दिवसभर असाच पिळलेला असतो. उभा माऊस, म्हणजे अंगठा वरच्या बाजूला ठेवून धरायचा व्हर्टिकल माऊस, हा पीळ बराचसा सोडवतो. त्याचं काम एवढंच.

‘एवढंच’ हे मुद्दाम म्हटलं, कारण खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाते, त्या दुखण्याला कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. ‘अप्लाइड एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात अशाच रुग्णांना उभा माऊस देऊन पाहिलं. मनगटाची ठेवण बदलली, पण बोगद्यातला दाब काही कमी झाला नाही. तेव्हा औषध म्हणून हा माऊस घेऊ नका. मनगट आणि कोपर यांच्या मधला भाग संध्याकाळी जड होतो, अवघडतो, अशांना त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

मुंग्या कोणत्या बोटांत येतात तेही बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही त्या बोगद्यातल्या नसेची बोटं. करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका यांची नस वेगळी. ती तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने येते. उभ्या माऊसवर हाताचा भार नेमका याच कडेवर पडतो, म्हणून करंगळीच्या मुंग्या या माऊसने वाढूही शकतात. मुंग्यांनी रात्री झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर आधी डॉक्टर, माऊस नंतर.

आता निवड. सर्वात जास्त फसगत मापात होते. पंजा सरळ पसरा आणि मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. सतरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान माप, एकोणीसच्या वर असेल तर मोठं, असा ढोबळ हिशेब. पण खरी परीक्षा हातात धरूनच होते. तर्जनी आणि मधलं बोट बटणांवर किंचित वाकलेली पडायला हवीत. बटण गाठायला बोटं ताणावी लागली तर माऊस मोठा आहे. बोटांची टोकं बटणांच्या पुढे लोंबली तर लहान. अंगठा त्याच्या खोबणीत न ओढता बसावा. आणि करंगळीकडे बघायला विसरू नका: माऊसच्या तळाशी बाहेर आलेली कड असेल तर करंगळी तिच्यावर टेकते, नसेल तर दिवसभर टेबलावर घासत राहते.

उभा म्हणजे काटकोनात उभा असं समजू नका. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट या दोन्ही माऊसचा कोन ५७ अंशांचा आहे, आणि साधारण एवढा कल बहुतेकांना सोसतो. अगदी सरळ उभ्या माऊसवर हात विसावत नाही, त्याला चिमटीत धरून ठेवावं लागतं. मग पीळ गेला तरी अंगठा दुखायला लागतो. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचाच माऊस मागावा. साध्या माऊससारखी सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करून इथे भागत नाही, आकारच उलटा लागतो.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी एक तक्रार हमखास होते: क्लिक चुकते. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर पॉइंटर नेला, बोट दाबलं, आणि नेमक्या त्याच क्षणी पॉइंटर बाजूला सरकला. डबल क्लिकमध्ये तर फाइल उघडायच्या ऐवजी ओढली जाते. यात माऊसचा दोष नाही. साध्या माऊसवर बोटाचा जोर खाली, टेबलात जातो आणि माऊस जागचा हलत नाही. उभ्या माऊसवर तोच जोर आडवा लागतो, म्हणजे ज्या दिशेने पॉइंटर सरकतो त्याच दिशेने. त्याला समोरून टेकू हवा, आणि तो अंगठ्याने द्यायचा. मात्र माऊस सतत आवळून धरायचा नाही. फक्त क्लिकच्या क्षणी बोटाच्या दाबाला अंगठ्याचा तेवढाच दाब. इथे कठीण बटणांचा माऊस फार छळतो, म्हणून घेताना बटण किती हलकं दबतं ते पाहा. फार हलका माऊसही नको. थोडं वजन असलेला क्लिकला जागचा ढळत नाही.

दुसरी सवय हालचालीची. साध्या माऊसवर बरेच जण मनगट टेबलाला टेकवून पंजा डावी-उजवीकडे फिरवतात. तेच इथे केलं तर मनगट दार उघडझाप केल्यासारखं आत-बाहेर वाकतं आणि पॉइंटर सरळ न जाता कमानीत जातो. मनगट सरळ ठेवून हात कोपरातून हलवायचा. त्यासाठी कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, आणि हात टेबलावर टेकलेला हवा. टेबल उंच असेल तर खांदा वर चढतो, आणि तो खांदा कुठलाही माऊस खाली उतरवू शकत नाही. खुर्ची वर घ्या, पाय लोंबकळले तर पायाखाली पाट किंवा ठोकळा ठेवा. मनगटाखालची जेलची उशी काढून टाका. तिने मनगट एका जागी रोवलं जातं आणि पुन्हा पंजा फिरायला लागतो.

कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे तुम्ही वापरता का, याचाही विचार करा. त्या पट्ट्यामुळे माऊस आठ-दहा सेंटिमीटर लांब जातो आणि हात बाहेर फाकतो. आकड्यांचं काम नसेल तर बिनआकड्यांचा कीबोर्ड घेतल्यावर खांद्याला जो आराम मिळतो तो कधी कधी माऊस बदलण्याहून जास्त असतो. कीबोर्डवरून हात परत येताना उभा माऊस धक्क्याने आडवा होतो, हीही नेहमीची गोष्ट. वरून झडप घालायची नाही, टेबलालगत हात सरकवत न्यायचा.

पॉइंटरचा वेग ठरवायला थोडं गणित. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे आणि माऊस ८०० डीपीआयवर आहे, म्हणजे माऊस इंचभर सरकला की पॉइंटर ८०० पिक्सेल सरकतो. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला माऊस २.४ इंच, सुमारे ६ सेंटिमीटर हलवावा लागेल. १६०० वर जेमतेम ३ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरसाठी कोपर कोण हलवणार? मनगटच वळतं. म्हणून सुरुवात ८०० ते १००० वर करा. विंडोजमध्ये वेगाची पट्टी मधोमध ठेवा आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असताना हात जितक्या झपाट्याने हलेल तितका पॉइंटर जास्त पळतो; नवी हालचाल शिकताना अंतराचा अंदाज येत नाही. दोन स्क्रीन जोडलेल्या असतील तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही.

पहिले दोन-तीन दिवस रोज तासभर, तेही ईमेल वाचणं, पानं चाळणं अशा कामाला. जुना माऊस जोडलेलाच राहू द्या, दोन्ही एकदम चालतात. चित्रात बारीक काम करायचं असेल तेव्हा जुना घ्या. आठवडा-दोन आठवड्यांत हात बसतो. पंधरा दिवसांनंतरही अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर एक तर पकड घट्ट आहे, नाही तर माप चुकलं आहे.

शेवटी दोन-तीन बिघाड, जे बिघाड नसूनही माऊस परत पाठवले जातात. बिनतारी माऊसचा पॉइंटर अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा, कुठे लावला आहे ते पाहा. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट करते आणि रिसीव्हरही त्याच पट्ट्यात बोलतो. बाजूलाच बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने माऊसजवळ आणा. काचेच्या टेबलावर पॉइंटर उड्या मारत असेल तर खाली कापडी पॅड घाला. साध्या ऑप्टिकल सेन्सरला नितळ काचेवर धरायला काही सापडत नाही. पॅड असूनही एकाच जागी थरथरत असेल तर माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात केस अडकलाय का बघा. पण एकदा दाबलं आणि दोनदा क्लिक झाली, असं वारंवार होत असेल, तर बहुधा आतल्या स्विचचा पत्रा थकलेला असतो. तो सेटिंग बदलून सुधारत नाही. वॉरंटी असेल तर माऊस बदलून घ्या, नसेल तर स्विच नवा बसवून मिळतो.