बोरीचा पूल आणि सायकॉलॉजीचं पहिलं सेमिस्टर

(दृश्य : पणजी, मांडवीचा काठ. जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा. सकाळची रहदारी.)

या पुतळ्याखाली अर्धा तास नुसतं उभं राहावं आणि लोकांचं बोलणं ऐकावं. लांब झग्यातला एक पुरुष, पुढे झेपावलेले त्याचे हात आणि समोर मागच्या मागे कलंडणारी बाई. कुणी म्हणतं, मांत्रिक आहे. कुणी म्हणतं, भूत उतरवतोय. परवा एका गृहस्थांनी आपल्या मुलाला ठासून सांगितलं, "डॉक्टर आहेत, बाईंना चक्कर आलीय."

हे आबे फारिया, संमोहनाचे प्रयोग करणारे पाद्री. जन्म १७५६, कांदोळी, बारदेश. पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी, तो इथं उभा राहिला १९४५ मध्ये. कॉलेजला जाईपर्यंत मीही यांना मांत्रिकच समजत होते.

(दृश्य : बसच्या खिडकीतून बोरीचा पूल. खाली झुवारी.)

माझं गाव बोरी, कॉलेज मडगावला. रोज सकाळी हा पूल ओलांडायचा. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पुढे हायस्कूल इंग्रजीतून, घरात कोकणी, आणि जत्रेच्या नाटकाला पुन्हा मराठी. अशा डोक्यात सायकॉलॉजी शिरली ती इंग्रजीतून. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मराठी प्रतिशब्द शोधून मोठ्यानं म्हणत बसले होते : अवधान, अभिसंधान, प्रबलन, विलोपन. आजीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कसलं स्तोत्र गो हे?"

विषय घेतला तेव्हा बसमधल्या ओळखीच्या बाईंनी लगेच हात पुढे केला, भविष्य सांगायला सांगतात तसा. त्यांना वाटलं, मी आता मनातलं ओळखणार. खोटं कशाला बोलू, मलाही थोडं तसंच वाटत होतं. पहिल्या आठवड्यात ते उतरलं. १८७९, लाइपझिग, विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा. १९१६, कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग. लिहून घ्या, पुढे चला. मेंदूच्या प्रकरणाबद्दल मी काहीच बोलणार नाही. आकृती काढली, नावं दिली, पास झालो.

(ध्वनी : सायकलचा भोंगा. दृश्य : पहाटेची गल्ली, पोदेराची म्हणजे पाववाल्याची टोपली, वर निळं प्लास्टिक.)

विषय अंगाला लागला तो इथं. पावलोवचा कुत्रा शिकवून झाला, खाण्याआधी रोज एकच आवाज ऐकून पुढे नुसत्या त्या आवाजानंच लाळ गाळणारा, आणि मॅडमनी घरचं उदाहरण मागितलं. अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर : पोदेराचा भोंगा. भोंगा वाजला की गरम पावाचा वास आठवतो, तोंडाला पाणी सुटतं. आम्ही खूश. मॅडम म्हणाल्या, "लाळ मोजलीत?"

सगळे गप्प. पावलोवने मोजली होती, थेंब थेंब. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. आवाजाची अशी सवय जडणं, म्हणजेच अभिसंधान, त्याला त्याच वाटेवर सापडलं. आमच्यापाशी मात्र नुसतं "वाटतं" होतं.

मग मी घरच्या मांजरीची वही ठेवली. पोदेर येतो सव्वासहाला, मासळीवाला स्कूटरवरून साडेआठच्या पुढे कधीतरी. दोघांचेही रबरी भोंगे, आवाज माझ्या कानाला सारखेच. पंधरा दिवसांत पोदेराच्या भोंग्याला मांजरी एकदाही उठली नाही. मासळीवाल्याच्या भोंग्याला बारा वेळा कुंपणापर्यंत धावली. सारख्या वाटणाऱ्या दोन खुणांत असा फरक करणं, याला पुस्तकात भेदन म्हणतात. पण मॅडमनी वहीवर लाल शाईनं लिहिलं : "भोंगा ऐकून धावली की वास येऊन?" वाऱ्याची दिशा मी लिहिलीच नव्हती. त्या लाल ओळीचा तेव्हा राग आला होता. आज वाटतं, सेमिस्टरची अर्धी फी तिथंच वसूल झाली.

(दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल. कागदाच्या चिठ्ठ्या, स्टॉपवॉच.)

प्रॅक्टिकल जोडीजोडीनं असायचं. एक प्रयोग करणारा, दुसरा ज्याच्यावर तो होतो तो. पहिला प्रयोग स्मरणाचा, हेर्मान एबिंगहाउसच्या वाटेनं. या माणसानं १८८५ मध्ये जे छापलं, त्यात प्रयोग करणारा तोच आणि प्रयोग झेलणाराही तोच. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, थांबायचं, पुन्हा पाठ करायची, आणि दुसऱ्या खेपेला किती मेहनत वाचली ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वाचायची. तासाभरानं ४४. एका दिवसानं जेमतेम ३४. गळती सुरुवातीलाच जोरात, मग मंद. महिन्यानंतरही २१ टक्के शिल्लक होतीच.

आमची अडचण वेगळी. अर्थ नसलेली अक्षरं आणायची कुठून? केपेच्या एका मुलानं मन लावून यादी केली, आणि प्रत्येकाला त्यातलं "तोर" बरोबर आठवलं. आठवणारच. तोर म्हणजे कोवळी कैरी, मिठाच्या पाण्यात घालून पावसाळ्यात पेजेबरोबर खायची. जर्मन माणसाला निरर्थक ते आमच्या तोंडाला पाणी आणणारं. यादी रद्द.

अल्बर्ट नावाचं तान्हं बाळ, १९२०, वॉटसनच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदराला घाबरायला शिकवलेलं : त्यावर वर्गात कडाक्याचं भांडण झालं. मिल्ग्रॅमच्या प्रयोगावर त्याहून मोठं. चाळीसपैकी सव्वीस साधी माणसं, कोटातल्या माणसानं "चालू ठेवा" म्हटलं म्हणून दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के देत थेट ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेली. धक्का खोटा होता, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. "आमचे लोक असं करणार नाहीत," असं कुणीतरी म्हणालं. सगळीकडचं कुणीतरी असंच म्हणत असणार.

आणि या सगळ्यावर विश्वास बसत आला तेव्हा मॅडमनी २०१५ चा एक शोधनिबंध काढला. मानसशास्त्रातले शंभर प्रयोग संशोधकांनी नव्यानं करून पाहिले. मूळच्या सत्त्याण्णव टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता; नव्यानं केल्यावर तो छत्तीस टक्क्यांत दिसला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग पाठ कशाला करायचं?" मॅडम हसल्या फक्त.

(दृश्य : पुन्हा पुतळा. या वेळी जवळून, फक्त हात.)

सेमिस्टर संपताना त्या आम्हाला इथं घेऊन आल्या. आमच्या जाड पुस्तकात फारियांचं नाव नव्हतं, म्हणून.

१७७१ मध्ये हा मुलगा वडिलांबरोबर गोवा सोडून लिस्बनला गेला. मग रोम, तिथं पाद्रीपणाची दीक्षा, मग परत लिस्बन. पुढची गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात, मीही ऐकीवच सांगते. राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि ती बडी मंडळी पाहून वाचाच बसली. जवळ बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" आणि जीभ सुटली. आमच्या जत्रेच्या नाटकात पडद्याआडून प्रॉम्प्टर अडलेला शब्द पुरवतो. या बापानं शब्द एकही पुरवला नाही, समोरच्या माणसांचाच पालापाचोळा करून दिला.

त्या काळात पॅरिसला फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरनं वेड लावलं होतं. शरीरांतून एक चुंबकीय द्रव वाहतो, तो मी वळवतो आणि रोगी बरे करतो, असं त्याचं म्हणणं. १७८४ मध्ये राजानं चौकशी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एका जर्दाळूच्या झाडात तो द्रव भरला. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडाला पोरगं बेशुद्ध पडलं. ते द्रव भरलेलं झाड नव्हतंच. झाडात काही नव्हतं, पोराच्या अपेक्षेत होतं. समितीनं द्रव खोटा ठरवला आणि फाइल मिटली. पण पोरगं पडलं होतं ते खरंच पडलं होतं. ते कशानं, हा प्रश्न फाइलीत तसाच राहिला.

फारियांनी तो उचलला. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करू लागले. माणसाला आरामात बसवायचं, मन एकाग्र करायला लावायचं आणि हुकूम सोडायचा, "झोपा!" काही झोपत, काही नाही. जे झोपत, ते माझ्या शक्तीमुळे नव्हे, असं स्वतः फारियाच सांगायचे. द्रव नाही, चुंबक नाही. जे काय घडतं ते झोपणाऱ्याच्या आतून. टिंगल पुष्कळ झाली. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक छापून आलं आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्ये वारले.

आता पुन्हा पुतळा बघा. माझ्या हातात काही नाही असं सांगत राहिलेला माणूस, आणि शिल्पाचा सगळा जोर हातांत! कामतांना दोष देत नाही. झोपणाऱ्याच्या मनातलं ब्राँझमध्ये ओतणार कसं?

(दृश्य : बोरी. घराचा सोपा. आजी आरामखुर्चीत, मायक्रोफोन लावून घेताना.)

एक गोष्ट राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगिजांनी मागे हटताना बोरीचा तेव्हाचा पूल उडवला. आजी तेव्हा नऊ वर्षांची. तो आवाज आम्ही तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकलाय : विहिरीवर होते, घागर हातातून पडली, कावळे उडाले. मी पहिल्या वर्षाला असताना तिचे थोरले भाऊ घरी आले होते. ते सहज म्हणाले, "ही कुठली इथं? ही तेव्हा डिचोलीला, मावशीकडे."

आजी खोटं बोलत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग मी त्याच आठवड्यात वाचला होता. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. "एकमेकींना लागल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी बत्तीस मैलांच्या आसपास. "आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा" म्हटलं तर एक्केचाळीस. फिल्म तीच. दुसऱ्या एका गटाला आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? "चक्काचूर" ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांना दिसली होती. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. आणि आम्ही नातवंडं आजीला वर्षानुवर्षं काय विचारत आलो? "आजी, केवढा मोठा आवाज झाला गो?"

म्हणून या वेळी कॅमेरा लावला तेव्हा प्रश्न आधी कागदावर लिहून काढला, दोनदा खोडला. मोठा नाही, आवाज नाही, पूलही नाही. एवढंच विचारलं, "आजी, त्या दिवशीचं काय आठवतं?"

आजीनं पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं. "आठवतं म्हणजे? धडाम् झालं, आणि मांडणीवरची ताटं खणाखणा वाजली."

ताटं याआधी कधीच नव्हती.